शेंदराची मोटार

मोटारीला मीच शेणाने सारवलं होतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी शहाणपण शिकवायला यायला नको. एकदा-दोनदा नाही, चार वर्षं, दर सोमवारी आणि सणासुदीला. माणसं जिथे पाय ठेवतात ती जागा सारवायची नाही तर काय करायचं? ओटा सारवते, चूल सारवते, मग मोटारीचा तळ तेवढा उघडा कसा ठेवू? सारवण वाळलं की वर रांगोळीची चार बोटंही ओढायची मी. त्यात मोटार उभी गोठ्यात, बैलांच्या शेजारी. त्यांचं मूत चाकाखालून वाहत जायचं. आमच्याकडे गंजाला जंग म्हणतात. तो खालून चढत होता आणि मी वरून त्याला ओल पुरवत होते.

नवऱ्याचं नाव मी घेत नाही, पण गोष्ट सांगायची तर एकदा घ्यावं लागेल: आसाराम. सोनपेठच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या जहागीरदारांकडे हे बारा वर्षं ड्रायव्हर होते. निजामाचं राज्य बुडालं, वर्षभरात जहागिऱ्याही गेल्या, आणि जहागीरदार गढीला कुलूप लावून हैदराबादला निघून गेले. नवी मोटार सोबत नेली आणि जुनी, खोकणारी, आमच्या माणसाच्या नावावर करून दिली. बारा वर्षांच्या चाकरीचं बक्षीस म्हणे. चार वर्षं ती गोठ्यात पडून राहिली, कारण चार एकर कोरडवाहूवाल्याने मोटार घेऊन करायचं काय?

पण हे इंजिनाला हात लावल्याशिवाय राहत नसत. रानातून आले की गोठ्यात. एक दिवस मोटार धडधडली आणि बैलांनी दावी तोडली. त्या संध्याकाळी हे जेवताना म्हणाले, "गोजरे, सोनपेठच्या बाजाराला, परभणीच्या रेल्वेला मान्सं नेली तर? आपली सोताची मोटार, आपला सोताचा धंदा."

मला मोटारीचं कौतुक नव्हतं. पण लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या तोंडून 'जी सरकार' याच्यापलीकडे मोठा शब्द मी ऐकला नव्हता. 'सोताचा' हा शब्द यांच्या तोंडून आला आणि माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली. तेव्हाच मी ठरवलं, की ही मोटार चालणार.

मोटार भाड्याने चालवायची तर परभणीच्या साहेबाला दाखवून पास करून घ्यावी लागते. आम्ही दोघं गेलो. साहेब तरुण होता, बारीक मिशीचा. त्याने हातातली पेन्सिल मागच्या मडगार्डाला टेकवली. ती आरपार गेली. मग दाराखालच्या पत्र्याला टेकवली, तिथेही आरपार. मग त्याने आत डोकावून पाहिलं.

"हे काय आहे?"

"सारवन हाय सायेब," हे म्हणाले.

साहेब हसला नाही, एवढे त्याचे उपकार. म्हणाला, "इंजीन चांगलं ठेवलंय तुम्ही. पण पत्रा मेलाय. मार्चअखेरपर्यंत धड करून आणा. नाही आणलीत तर हिचं नाव वहीतून कमी करतो, मग ती भंगारात घाला."

मुदत महिनाभराची. परतलो तर वेशीतच व्यंकटराव भेटले. आमच्या गावचे सगळ्यांत मोठे जमीनदार, जहागीरदार गेल्यावर तर अर्धं गाव त्यांचंच झालेलं. मिलिटरीची एक जीप त्यांनी लिलावात घेतली होती आणि ती चालवणारा आसपासच्या दहा गावांत एकच माणूस होता, आमचा. रोज निरोप यायचा, रोज हे काहीतरी सांगून टाळायचे.

"भंगार ते भंगारच, आसाराम," मालक म्हणाले. "ये उद्यापासून. खाकी कपडे शिवतो तुला."

हे खाली मान घालून म्हणाले, "म्हैनाभर थांबा, मालक. मोटार पास न्हाई झाली तर येतो. शबूद देतो."

झालं. आमच्या माणसाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आता मोटार पास झाली नाही तर जहागीरदारांची खाकी उतरवून व्यंकटरावांची चढवायची, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी मोटार गोठ्यातून काढून दारातल्या लिंबाखाली लावली. आधी मी माझं सारवण खुरप्याने काढलं. भाकरीचा पापुद्रा निघावा तसा त्याच्यासोबत पत्राही निघत आला. खालची जमीन दिसायला लागली, तेव्हा मला माझीच लाज वाटली. यांनी दुसरं खुरपं घेतलं आणि माझ्यासोबत खरवडायला लागले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पाच दिवस आम्ही नुसता जंग घासला. घासलेट, वाळू, विटेचा तुकडा आणि नारळाची शेंडी. पत्रा पांढरा होईपर्यंत थांबायचं नाही, कारण जंगाचा कण राहिला तर तो रंगाखाली हराळीसारखा पुन्हा फुटतो. मग घासलेटचे रिकामे डबे कापून ठिगळं केली. मडगार्डाचा बाक काही ठिगळाला येईना, तेव्हा मी माझी पितळी घागर पालथी घालून दिली आणि तिच्यावर ठोकून हे म्हणाले तसा बाक आणला. घागरीला दोन पोचे आले, ते अजून आहेत. ठिगळं लोहाराकडून रिबिटा मारून बसवून घेतली. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून लुकण केलं, सगळ्या फटी बुजवल्या, आणि ते वाळल्यावर पुन्हा घासून तळव्याला लागणार नाही इतकं गुळगुळीत केलं. माझ्या बोटांची सालटं गेली. पण बोट फिरवलं की ठिगळ कुठे संपतं आणि जुना पत्रा कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं. मला इतका अभिमान वाटला, की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावायला लावत होते.

लुकणावर थेट रंग देत नाहीत. जहागीरदारांच्या मोटारखान्यात हैदराबादचा एक मिस्त्री होता, त्याने यांना शिकवलं होतं, की आधी जवसाच्या तेलात शिशाची तांबडी भुकटी कालवून तिचा एक हात द्यायचा, म्हणजे पत्र्याला जंग धरत नाही. ती भुकटी म्हणजे दुसरं काही नाही, शेंदूर. हे सोनपेठच्या बाजारात पूजेच्या दुकानात गेले आणि होता नव्हता तेवढा शेंदूर मागितला. दुकानदाराने विचारलं, "कितीक देव हायेत गावात?" हे म्हणाले, "एकच हाय, पर मोठा हाय."

शुक्रवारी दिवसभर आम्ही दोघांनी मोटार शेंदरी केली. चाकापासून टपापर्यंत. वाळायला आठ दिवस द्यायचे, मग काळा रंग. रंगाचा डबा परभणीहून आधीच आणलेला होता. दुसरा दिवस शनिवार आहे, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. सारवणाची चूक माझी एकटीची होती, ही दोघांची.

शेजारची बायनामाय, सत्तरीची म्हातारी, सकाळी तांब्या घेऊन निघाली. तिची म्हैस तीन दिवसांपासून हरवलेली. डोळ्यांत वडस वाढलेलं, सगळं अंधुक. तिला लिंबाखाली काय दिसलं असेल? डोंगराएवढा शेंदूर आणि त्यात दोन वाटोळे डोळे. तिने तांब्या खाली ठेवला, चप्पल काढली, हात जोडले. "मारोतीराया, माझी म्हैस घरला आन. नारळ फोडीन." मी ओट्यावरून पाहत होते आणि पदर तोंडात कोंबून हसत होते. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं.

संध्याकाळी म्हैस घरी आली. म्हशी येतातच, त्यांना दुसरं घर कुठे असतं? पण हे बायनामायला कोण समजावणार?

तिने नारळ फोडला तो माझ्या लुकणावर. रविवारी चार बाया आल्या, सोमवारी आळी, आणि पुढच्या शनिवारपर्यंत गाव. दिव्यांना रुईच्या पानांच्या माळा. बॉनेटवर तेलाची धार. आता तेल पडलेल्या पत्र्यावर रंग मरेस्तोवर धरत नाही, हे मी ओरडून सांगत होते आणि बाया माझ्यावरच डोळे वटारत होत्या. दगडाला शेंदूर फासला की देव होतो, हे आपण हसण्यावारी म्हणतो. आपल्या दारात तो झाला की हसू येत नाही.

मला खरा धक्का बसला तो घरातून. त्या पुढच्या रविवारी सकाळी मी सोड्याचं पाणी केलं, म्हटलं तेल धुऊन काढू आणि रंग देऊ. हे ओट्यावर बसून राहिले.

"गोजरे, नको."

"कामून?"

"शेंदूर चढलाय. लोकांनी हात जोडलेत. आता त्याच्यावर काळा रंग म्हंजी..."

"आवं, शेंदूर तुमीच लावला न्हवं का? हैद्राबादच्या मिस्त्रीनं सांगितला म्हून?"

"लावला. पर म्हैस आलीच की."

मी कपाळावर हात मारून घेतला. बारा वर्षं इंजीन उघडून बसणारा माणूस, आणि म्हैस आलीच की!

तेवढ्यात व्यंकटराव आले. सोबत दोन गडी आणि हातात नारळ. त्यांनी मोटारीला नमस्कार केला, पण डोळे मोटारीकडे नव्हते, यांच्याकडे होते. म्हणाले, "हनुमान जयंतीला स्थापना करू. चौथरा मी बांधून देतो. जागा आसारामची, पुन्य गावाचं. देव काय शीव वलांडत नसतो, तव्हा परभनीला न्यायचा सवालच न्हाई." गड्यांनी चारी चाकांना दगड लावले. जाता जाता मालक वळले. "खाकी कपडे शिवून आलेत, आसाराम."

"देवाची मर्जी, मालक," हे म्हणाले.

देवाची मर्जी! मला माहीत होतं ती कुणाची मर्जी होती. मालकांना म्हशीचं देणंघेणं नव्हतं आणि मारुतीचंही नव्हतं. त्यांना एक ड्रायव्हर हवा होता, आणि गावाच्या भक्तीने तो त्यांना फुकटात मिळत होता. हा कावा मला दिसत होता आणि ज्याच्या मानेवर जू चढत होतं त्याला दिसत नव्हता. त्या रात्री मी चिडून यांच्याकडे पाठ करून झोपले.

सोमवारी पहाटे आंघोळ करून मी आधी वेशीतल्या मारुतीला गेले. खऱ्या. मीही दर शनिवारी त्याला तेल घालणारीच बाई. मी त्याला सांगितलं, "तुजा शेंदूर तुज्यापाशी, माझा माझ्यापाशी. माझ्या शेंदरात तू आला असशील तर मला पुसल्याबिगर आलास. आता मी रंग द्यायलेय. राग आला तर माझ्यावर काढ, घरातल्यावर नको." मारुती काही बोलला नाही. मी ते हो धरलं.

घरी येऊन पदर खोचला आणि चाकांचे दगड काढायला लागले. सोड्याचं पाणी आणि राख घेऊन बॉनेटवरचं तेल खसाखसा धुतलं. रुईच्या माळा काढून मी लिंबाच्या फांदीला नीट अडकवल्या, पायदळी पडू दिल्या नाहीत. ऊन चढलं, पत्रा वाळला, आणि मी रंगाच्या डब्याचं झाकण खुरप्याने उचकटलं तोवर अर्धं गाव जमलं होतं.

"देवाच्या तोंडाला काळं फासती का गं?"

"हात झडंल तुजा!"

मला भीती वाटत नव्हती असं नाही. कुंचला बुडवताना वाटत होतं, खरंच झडला तर? भाकरी कशाने थापू? पण त्या भीतीपेक्षा, हा माणूस पुन्हा खाकी घालून 'जी सरकार' म्हणत माझ्यासमोरून जाईल, ही भीती मोठी होती.

बायनामाय काठी टेकत पुढे आली आणि पुढच्या चाकाला पाठ लावून खाली बसली. "माझ्या देवाला हात लावायचा न्हाई. त्यानं माझी म्हैस आनली."

तिला मी ओढून काढू शकत नव्हते. तिने मला लग्नानंतर पहिल्या वर्षी पायलीभर ज्वारी निवडायला शिकवलेली. मी तिच्यासमोर बसले.

"माय, तुजी म्हैस आली, लय चांगलं झालं. पर माझा मानूस जायलाय, त्याचं काय?"

"कुटं जायलाय?"

"त्या जीपवर. जलमभर. ही मोटार पास न्हाई झाली तर चार दिसांत. म्या शबूद ऐकलाय त्यांचा."

म्हातारीने वडसाच्या डोळ्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ओट्यावर मान घालून बसलेल्या यांच्याकडे पाहिलं. मग व्यंकटरावांकडे, ते नुकतेच गर्दीतून पुढे आले होते. तिचं म्हातारपणी सगळं गेलं असेल, अक्कल गेली नव्हती. ती काठीवर जोर देऊन उठली, मोटारीला एकदा हात लावून तो कपाळाला टेकवला, आणि बाजूला झाली.

"आसाराम, बायकोला आवर!" व्यंकटराव ओरडले.

मी मागे वळून पाहिलं नाही. हे काय करतात ते बघायची माझी छाती नव्हती. कुंचला बॉनेटच्या मधोमध टेकवला आणि खाली ओढला. शेंदरावर काळी वाट पडली. मागे बायांनी 'आगं बया!' केलं. मी दुसरा पट्टा ओढला, तिसरा ओढला. दोन्ही डोळ्यांच्या भोवतीने नीट फिरवला, काचेला न लागता. घामाने पोलकं पाठीला चिकटलं होतं. कुणी माझ्या अंगावर आलं नाही.

तोंड रंगवून झालं आणि मला मोटारीच्या मागून दुसऱ्या कुंचल्याचा आवाज आला. हे मागच्या मडगार्डाला रंग देत होते. पाठ गावाकडे, तोंड पत्र्याकडे, कानशिलं लाल झालेली. मालकांना त्यांनी ना होय म्हटलं, ना नाही. तोंड मी रंगवलं, पाठ यांनी. पापाची वाटणी झाली म्हणायची.

पुढचे चार दिवस लोक या ना त्या निमित्ताने येत आणि माझा हात बघून जात. कुणी विरजण मागायला, कुणी विस्तव. मी मुद्दाम उजव्या हाताने वाढत होते. हात काळा होता, पण रंगाने.

मार्चच्या शेवटच्या दिवशी परभणीला गेलो. तोच साहेब, तीच पेन्सिल. मडगार्डावर टेकवली, दाबली. पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याने बोटाच्या पेरांनी ठोकत ठोकत मोटारीला पूर्ण फेरी मारली. आत डोकावला. तळाला आता सागाची फळी होती, कोरडी. मग पुढे येऊन बॉनेटकडे बघत म्हणाला, "हा रंग कुणी दिलाय? ओघळ आलेत."

"म्या दिलाय," मी म्हणाले.

"ओघळ चालतात," साहेब म्हणाला आणि त्याने कागदावर शिक्का मारला.

परतीच्या वाटेवर हे नुसते समोरचा रस्ता बघत मोटार हाकत होते. मला वाटलं होतं, आनंदाने काहीतरी बोलतील. माणूस एका शिक्क्याने बदलत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी रागावून खिडकीबाहेर बघत बसले.

पहिली खेप सोनपेठच्या बाजाराची आणि तिथून परभणीच्या रेल्वेची. मोटार वेशीत उभी केली. मागच्या बाकावर बायनामाय कोंबडीची पाटी मांडीवर घेऊन आधीच बसली होती, तिच्या शेजारी दोन बाया. मी पुढे, यांच्या शेजारच्या जागेवर. हे चाकाची हवा बघत बाहेर उभे होते. एवढ्यात व्यंकटराव आले. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. हैदराबादची गाडी गाठायची होती आणि जीप बिनड्रायव्हरची पडलेली. ते मोटारीपाशी आले, मागच्या दाराजवळ थांबले आणि उभे राहिले.

नुसते उभे. मला क्षणभर कळलंच नाही हे कशाची वाट बघताहेत. मग कळलं. मोटारीचं दार आपण उघडायचं असतं, हे त्या माणसाला माहीत नव्हतं. दार ड्रायव्हरने उघडायचं, कमरेत वाकून. जहागीरदारांना हे बारा वर्षं तसंच उघडून देत आले होते, झोपेत सांगितलं तरी उघडलं असतं.

यांचे पाय हलले. मी आरशात पाहत होते. हे चाक सोडून दारापाशी गेले, हात कडीपर्यंत गेला, मान अर्धी वाकली. मला ओरडावंसं वाटलं आणि मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, कारण हे मी करून उपयोगाचं नव्हतं. रंग मी दिला, दगड मी काढले. ही एक गोष्ट मला करता येत नव्हती.

यांचा हात कडीवर तसाच राहिला. मग त्यांनी तो काढला आणि धोतराला पुसला.

"मालक," हे म्हणाले. मान वर होती. "कडी खाली दाबली की दार उगडतं. जरा हळू, रंग नवा हाय."

आणि पुढून फिरून येऊन माझ्या शेजारी बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर चारचौघांत रडले असते. मागे बायनामायची कोंबडी तेवढी कुरकुरत होती. मग कडी वाजली.

मालकांनी दार स्वतः उघडलं.